कामगिरी, प्रयोग आणि परके घड्याळ

'परफॉर्मन्स' या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. अनुवाद करणाऱ्यांना ही अडचण वाटते. आम्हाला मात्र ती सोय वाटते. खेळाडूची, यंत्राची, एखाद्या कंपनीची असते ती कामगिरी. नाटकाचा असतो तो प्रयोग. कामगिरी मोजता येते, तिची तुलना करता येते, तिच्यावरून क्रमवारी लावता येते. प्रयोगांची फक्त संख्या मोजता येते. म्हणून नाटकाच्या जाहिरातीत 'शंभरावा प्रयोग' असे छापतात. पण शंभरावा प्रयोग नव्व्याण्णवाव्यापेक्षा किती टक्क्यांनी सरस होता, हे कोणी छापत नाही. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या छपराखाली नांदतात, आणि त्यामुळे काही वाद वर्षानुवर्षे मिटत नाहीत. अशाच एका वादाविषयी येथे लिहावयाचे आहे. वाद मोटारींचा आहे. साहित्याचा विचार करणाऱ्यांनी त्यात का पडावे, या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात देण्याचा प्रयत्न केला आहे. तोवर मोटारीकडे मोटार म्हणूनच पाहू.

वाद असा. दोन दारांच्या, वेगासाठी बांधलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कूपे गाडीत गिअर हाताने बदलावे लागणे चांगले, की ते आपोआप बदलणे चांगले? हा प्रश्न सर्वसाधारणपणे विचारला तर त्याला उत्तर नाही. म्हणून एकच गाडी घेऊ. जर्मनीतील पोर्शे कंपनीची ९११ ही गाडी १९६४ पासून आजतागायत बनते आहे. तिची जी पिढी कारखान्याच्या सांकेतिक भाषेत '९६४' म्हणून ओळखली जाते, तिच्यातील 'कॅरेरा २' हे मॉडेल १९९०च्या सुमारास दोन प्रकारांत विक्रीला आले. एकात पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता, तर दुसऱ्यात 'टिपट्रॉनिक' नावाचा चार गिअरांचा स्वयंचलित. इंजिन दोन्हींत तेच: ३.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, २५० अश्वशक्तीचे. सांगाडा तोच, चाके तीच. तुलनेसाठी याहून नेटकी जोडी सापडणे कठीण.

कंपनीने दिलेले आकडे असे आहेत. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला मॅन्युअल गाडीला ५.७ सेकंद लागतात, टिपट्रॉनिकला ६.६. कमाल वेग मॅन्युअलचा ताशी २६० किलोमीटर, टिपट्रॉनिकचा २५६. वजनात टिपट्रॉनिक ३० किलोंनी जड. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर, तेव्हा ०.९ सेकंदाचा फरक म्हणजे त्या वेगाने धावणाऱ्या गाडीसाठी सुमारे २५ मीटरचे अंतर झाले. शर्यतीच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे, आणि भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच आहे.

हा फरक कशामुळे पडतो, ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची तबकडी असते. पाय उचलला की ती घट्ट बसते आणि इंजिनाची फिरकी जवळपास जशीच्या तशी पुढे जाते. त्या काळच्या स्वयंचलित गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असे. त्याचे काम ढोबळ मानाने असे समजावे: दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवले आणि एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. दुसरा पंखा पहिल्याच्या किंचित मागे राहतो, आणि या मागे राहण्यात काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. त्यात गिअर पाचाऐवजी चार, म्हणजे दोन गिअरांमधली दरी मोठी. शिवाय तेलाचा दाब टिकवणारा पंप इंजिनाकडूनच आपला वाटा घेतो. कमाल वेगात फरक केवळ ४ किलोमीटरचा, पण उठावात जवळपास एका सेकंदाचा, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. खरी तूट निघताना आणि गिअर बदलताना होते. एकदा गाडी शेवटच्या गिअरात स्थिरावली की ती फारशी उरत नाही.

येथवर निकाल सरळ आहे. कामगिरी म्हणाल तर मॅन्युअल सरस. मॅन्युअलचे चाहते हा निकाल वर्षानुवर्षे हातात धरून बसले होते.

परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याला जी सवय असते, ती सवय येथे उपयोगी पडते. संहिता समोर आली की तो विचारतो, 'हे कोण बोलते आहे?' ५.७ हा आकडा कोणाचा आहे? तो गाडीचा आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक तो गाडीचा आणि तिच्यात बसलेल्या एका कसलेल्या चालकाचा मिळून आहे. निघताना इंजिन किती फिरवत ठेवायचे, क्लच कोणत्या क्षणी सोडायचा, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पायाने आणि हाताने एकमेकांची वाट न पाहता कसे काम करायचे, हे ज्याला ठाऊक आहे आणि क्लच झिजण्याची ज्याला पर्वा नाही, त्याच्या हातून तो आकडा निघतो. तुमच्याआमच्या हातून निघणार नाही. उलट टिपट्रॉनिकचा ६.६ हा आकडा बव्हंशी गाडीचाच आहे. पाय दाबून ठेवला की कोणीही बसला तरी जवळपास तोच आकडा येईल. म्हणजे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी छापलेले हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. टिपट्रॉनिकचा आकडा कामगिरी सांगतो. मॅन्युअलचा आकडा एका चांगल्या दिवशी झालेल्या एका चांगल्या प्रयोगाची नोंद आहे. सामान्य चालकापुरते पाहिले, तर १९९० मध्येही स्वयंचलित गाडी कित्येकांच्या हातात मॅन्युअलच्या बरोबरीने निघाली असती.

मॅन्युअलच्या चाहत्यांची दुसरी अडचण त्यांच्या शुद्धतेच्या कल्पनेत आहे. हाताने गिअर टाकणे म्हणजे यंत्राशी थेट संबंध, असे ते मानतात. पण मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही स्वयंचलन कधीचेच शिरलेले आहे. सुरुवातीच्या गाड्यांत गिअरच्या दोन चाकांचा वेग जुळवून घेण्याचे काम चालकालाच करावे लागे. त्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे आणि चुकले तर दात करकरत. १९२८च्या कॅडिलॅकमध्ये 'सिंक्रोमेश' आले आणि हे वेग जुळवण्याचे काम यंत्राने स्वतःकडे घेतले. तेव्हाच्या जुन्या चालकांच्या दृष्टीने, ९६४ मध्ये सफाईने गिअर टाकणारा आजचा अभिमानी चालक हा अर्धा स्वयंचलितच ठरेल. प्रत्येक पिढी खऱ्या कौशल्याची रेषा तिथेच आखते, जिथे तिचे स्वतःचे शिकणे थांबलेले असते. छंदोबद्ध रचनेचा आग्रह धरणारे मुक्तछंदावर जे आक्षेप घेत, आणि मुक्तछंदात मुरलेले लोक आता त्यापुढच्या कवितेवर जे घेतात, त्यांची जातकुळी याहून फार वेगळी नाही.

या संदर्भात आम्हाला पेटीची आठवण होते. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बिनबुडाचा नव्हता. सारंगीवर स्वर बोटाने शोधावा लागतो. पेटीवर तो आधीच बसवलेला असतो, पट्टी दाबली की हजर. मींड नाही, श्रुती नाहीत. सारंगी मॅन्युअल आणि पेटी स्वयंचलित, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. तरीही 'मानापमान'चे संगीतकार गोविंदराव टेंबे हेच वाद्य वाजवत, आणि त्यांच्या हातातल्या पेटीला कोणी यांत्रिक म्हटले नाही. तेव्हा कला वाद्याच्या रचनेत दडलेली असते, हे म्हणणे टिकत नाही. वाद्य सोपे झाले की कलावंताला अवघड जागा दुसरीकडे शोधावी लागते, एवढेच.

आता कथेचा दुसरा अंक. २००८ साली पोर्शेने ९११ मध्ये 'पीडीके' नावाचा सात गिअरांचा, दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला. १९८०च्या दशकात कंपनीने शर्यतीच्या गाड्यांवर ही कल्पना तपासली होती. तिच्यात तेलातले दोन पंखे नाहीत. एका क्लचवर चालू गिअर असतो, तेव्हा दुसऱ्यावर पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो, आणि एक सुटता सुटता दुसरा पकडतो. मधली तूट जवळपास संपली. त्या वर्षीच्या साध्या कॅरेराचे आकडे: मॅन्युअल ४.९ सेकंद, पीडीके ४.७. पारडे फिरले होते. २०१३ साली कंपनीने ९११ जीटी३ ही शर्यतीच्या मैदानाला जवळची गाडी केवळ पीडीकेसह आणली. हिशेब बिनचूक होता. ज्या गाडीचे ब्रीदच वेग आहे, तिच्यात हळू चालणारा गिअरबॉक्स कशाला ठेवायचा?

यानंतर जे झाले ते आमच्या मते या साऱ्या वादातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. चाहते नाराज झाले. २०१६ साली कंपनीने '९११ आर' नावाची, केवळ मॅन्युअल गिअरबॉक्स असलेली गाडी काढली, तीही फक्त ९९१. आणि त्या गाड्यांची दुसऱ्या हातची किंमत मूळ किमतीच्या पुष्कळ वर गेली. २०१७ साली जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आला. आकडे कंपनीने प्रामाणिकपणे छापले: पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. म्हणजे लोक अर्धा सेकंद हळू असलेली गाडी डोळसपणे मागत होते. ९६४च्या बाबतीतही आज जुन्या बाजारात मॅन्युअलला टिपट्रॉनिकपेक्षा जास्त भाव येतो, आणि आजच्या कित्येक विजेवर चालणाऱ्या घरगुती गाड्या तिच्या ५.७ सेकंदांना सहज मागे टाकतात हे माहीत असूनही येतो.

याचा अर्थ काय? १९९० मध्ये मॅन्युअलचे चाहते म्हणत, 'आम्हाला मॅन्युअल आवडतो, कारण तो वेगवान आहे.' २००८ मध्ये 'कारण' खोटे ठरले, आवड मात्र तशीच राहिली. तेव्हा ते कारण पहिल्यापासूनच कारण नव्हते. ते उसने घेतलेले समर्थन होते. आपल्याला जे प्रिय आहे ते त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगण्याचा संकोच वाटला, म्हणून प्रतिपक्षाच्या घड्याळाचा आधार घेतला. आणि घड्याळ परके असल्यामुळे ते एक दिवस उलटले.

हारुकी मुराकामी यांच्या 'ड्राइव्ह माय कार' (२०१३) या कथेतली तरुण चालक मुलगी पिवळी साब गाडी चालवते. ती गिअर इतक्या अलगद बदलते की मागेपुढे काही जाणवत नाही. इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला तरच ते कळते. या तपशिलात एक गंमत आहे. हाताने गिअर टाकण्याची परमावधी म्हणजे गिअर टाकल्याचे कोणालाच न कळणे. म्हणजे उत्तम स्वयंचलित गाडीत प्रवाशाला जे जाणवते तेच. फळ दोन्हीकडे सारखे. वेगळे आहे ते चालकाचे लक्ष. चढ, वळण, इंजिनाचा सूर, ओला रस्ता या सगळ्यांकडे त्याला सतत लक्ष द्यावे लागते, आणि त्या लक्ष देण्यातून रस्ता त्याच्या ओळखीचा होतो. ही ओळख कुठल्याही तक्त्यात येत नाही, कारण ती गाडीच्या बाजूने नव्हे तर माणसाच्या बाजूने जमा होते.

आता उत्तरार्ध. साहित्य शिकवणारे आपण सारे गेली कित्येक वर्षे ९६४च्या चाहत्यांसारखेच बोलत आलो आहोत. कविता कशासाठी शिकवायची, असे कोणी विचारले की आपली उत्तरे तयार असतात. शब्दसंग्रह वाढतो. लेखनकौशल्य सुधारते. मुलाखतीत नीट बोलता येते. स्पर्धा परीक्षेत निबंधाला उपयोग होतो. ही विधाने खोटी नाहीत. १९९० साली मॅन्युअल वेगवान होता हेही खोटे नव्हते. पण ही सगळी मापे परकी आहेत, आणि त्यांच्यावर आपण आपला विषय टांगून ठेवला आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि नीटनेटका सारांश, सुबक पत्र, ठाकठीक निबंध यांबाबत आपले २००८ साल उजाडले. 'पुढील कवितेचे रसग्रहण करा' या प्रश्नाचे उत्तर आता यंत्र काही सेकंदांत देते. त्यात आशयसौंदर्य असते, काव्यसौंदर्य असते, भाषिक वैशिष्ट्ये असतात, आणि परिच्छेदही जिथे पडावेत तिथेच पडतात.

येथे यंत्राला दोष देणे सोपे आहे. पण प्रामाणिकपणे पाहिले तर आपल्या वर्गांत टिपट्रॉनिक फार आधीच येऊन बसला होता. बाजारात मिळणाऱ्या गाइडांतली तयार रसग्रहणे मुले पाठ करत आली आणि आपण त्यांना गुण देत आलो. टिपट्रॉनिकच्या दांड्याला शेजारी एक जादा खाच होती. तिच्यात दांडा पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. गिअर बदलण्याची आज्ञा चालक देई, बदलण्याचे काम यंत्र करी. चार पर्यायांतून एक निवडा, हा आपल्या परीक्षांमधला लाडका प्रश्नप्रकार याच जातीचा आहे. निवडण्याचा आभास मिळतो, कविता वाचण्याची कृती घडत नाही. आपण कामगिरी तपासत होतो आणि प्रयोग घडतो आहे असे समजत होतो. आता कामगिरी फुकट मिळू लागल्यावर आपण तपासत होतो ते काय होते, हे उघडे पडले इतकेच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सगळे सुखवस्तू माणसाचे स्मरणरंजन नव्हे काय? शहरातल्या वाहतुकीत तासाभरात कित्येकदा क्लच दाबणाऱ्याला प्रयोगाचा आनंद होत नाही, गुडघा दुखतो. ज्याचा डावा पाय काम करत नाही त्याला स्वयंचलित गाडीनेच रस्ता खुला केला. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला चालकाच्या कलेशी कर्तव्य नसते, वेळेत पोचण्याशी असते. हे सर्व आम्हाला मान्य आहे. जिथे फळ दुसऱ्यासाठी असते, तिथे कामगिरी हेच योग्य माप आहे. औषधाच्या बाटलीवरची सूचना यंत्राने अचूक भाषांतरित केली तर तिच्यात अनुवादकाचा प्रयोग शोधत बसणे हा क्रूरपणा ठरेल. आमचे म्हणणे एवढेच की, काही गोष्टी अशा आहेत ज्यांचे फळ करणाऱ्याच्याच ठिकाणी जमा होते, आणि त्या दुसऱ्याकडून करून घेतल्या तर केल्याच जात नाहीत. कविता वाचणे ही तशी गोष्ट आहे. माझ्याऐवजी कोणी माझा व्यायाम केला, तर तो कितीही उत्तम झाला तरी माझ्या उपयोगाचा नाही.

स्मरणरंजनाचा धोकाही खराच आहे. ह्युंदाईने २०२३ साली 'आयोनिक ५ एन' ही विजेवर चालणारी गाडी आणली. विजेच्या मोटारीला बदलायला गिअरच नसतात. तरीही या गाडीत गिअर बदलल्याचा धक्का आणि इंजिनाचा आवाज कृत्रिमरीत्या निर्माण करण्याची सोय ठेवली आहे. गमतीखातर ते ठीक आहे. पण शिक्षणात अशी सोय करून चालणार नाही. विद्यार्थ्याला घरी यंत्राकडून उत्तर घेता येते हे माहीत असताना पूर्वीचाच प्रश्न, पूर्वीच्याच गुणांनी, पूर्वीच्याच गांभीर्याने विचारत राहणे म्हणजे नसलेल्या गिअरचा धक्का देणे होय.

मग काय करावे? आमच्याकडे योजना नाही, एक सूचना आहे. रसग्रहण लिहून मागण्याआधी विद्यार्थ्याला कविता वर्गात मोठ्याने वाचायला सांगावी, आणि आपण कुठे अडलो, कोणत्या ओळीला आवाज उतरला, कोणता शब्द दोनदा वाचावा लागला, हे त्याने सांगावे. याला गुण देणे अवघड जाईल. काहींचे वाचन करकरेल. वेळ जास्त लागेल, आणि निकालाच्या तक्त्यात त्याचे काहीच दिसणार नाही. संस्थेने कारण विचारलेच, तर यामुळे निकाल सुधारतो असे सांगण्याचा मोह आपण टाळावा. तो कदाचित सुधारणार नाही. हळू आहे हे कबूल करून जीटी३ मागणाऱ्यांनी जो प्रामाणिकपणा दाखवला, तेवढा आपल्यालाही दाखवता आला पाहिजे.